ही चाल कोणाची ?

जुन्या संगीत नाटकांचीं पुस्तकें ज्या घरांत अद्यापि कपाटांत जपून ठेविलेलीं असतील, त्या घरांतील मंडळींनीं तीं एकवार काढून पाहावीं. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत राग व ताल यांच्या जोडीला ‘चाल’ असा एक शब्द पुष्कळ ठिकाणीं छापलेला आढळतो. त्या शब्दापुढें दुसऱ्या कोणत्या तरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द असतात. मग तें गाणें कर्नाटकी असो, एखादी ठुमरी असो, किंवा बायकांच्या तोंडीं असलेलें साधें पद असो. नाटककारानें शब्द आपले लिहिले, चाल दुसरीकडून घेतली, आणि घेतली हें लपविलें नाहीं. त्या एका ओळीनें कोणाचीहि प्रतिष्ठा कमी झाली नाहीं. उलट ऐकणारास एका गाण्यांत दोन गाण्यांचा आनंद मिळाला.

आज जो विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों, तो वरवर पाहतां या चालींपासून फार दूरचा वाटेल. जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहरीं १९७० सालीं दोन तरुणांनीं ‘क्राफ्टवेर्क’ नांवाचा एक वाद्यवृंद स्थापन केला. या जर्मन शब्दाचा अर्थ वीजघर. नांवास शोभेल अशी विजेचीच उपासना या मंडळींनीं केली. घरांतील तरुण मंडळी कानांत यंत्रें घालून जें ठेक्याचें संगीत तासन् तास ऐकत असतात, आणि वरातीपुढें ज्याच्या ठोक्यांनीं आमच्या पेठांतील खिडक्यांचीं तावदानें थरथरतात, त्या संगीताची वंशावळ काढूं लागल्यास तिची एक मोठी शाखा या वीजघराच्या दाराशीं जाऊन पोंचते. वंशावळ म्हटली कीं वारसा आला, आणि वारसा आला कीं वाद आला. कोणीं कोणाचें काय घेतलें, सांगून घेतलें कीं न सांगतां, हा तो वाद होय; आणि तो केवळ नाचगाण्यापुरता नाहीं, असें आम्हांस वाटतें.

राल्फ ह्यूटर १९४६ सालीं व फ्लोरियन श्नायडर १९४७ सालीं जन्मला. म्हणजे दोघेहि महायुद्ध संपल्यानंतरचे. शहरें बेचिराख झालेलीं, आणि वडिलांच्या पिढीच्या कपाळीं नाझी राजवटीचा कलंक लागलेला. अशा घरांत वाढणाऱ्या बुद्धिमान मुलापुढें मोठें कोडें उभें राहतें: वडिलांकडून घ्यावें काय, आणि टाकावें काय ? बहुतेक जर्मन तरुणांनीं तो प्रश्न सोडवण्याच्या भानगडींत न पडतां अमेरिकन व इंग्रज गाण्यांची नक्कल करण्यास आरंभ केला, तीहि इंग्रजी भाषेंत. या दोघांनीं तसें केलें नाहीं. श्नायडर याचे वडील नामांकित वास्तुशिल्पज्ञ होते. कोलोन-बॉन विमानतळाची इमारत त्यांच्याच आराखड्यानें उठली. मुलगा बासरी वाजवी. प्रथम त्यानें बासरीचा स्वर विजेच्या उपकरणांतून नेऊन पाहिला, आणि हळूहळू बासरी मागें पडून उपकरणेंच पुढें आलीं. जवळच कोलोन येथें तेथील रेडिओनें १९५१ पासून विद्युत्-संगीताची एक प्रयोगशाळा चालविली होती. कार्लहाइन्झ स्टॉकहौसेन यांच्यासारख्या विद्वान् रचनाकारांनीं तींत काम केलें. कलंकित भूतकाळांतून निष्कलंक असें जें थोडें हातीं येण्याजोगें होतें, त्यांत हें एक होतें.

ज्या यंत्रावर या मंडळींनीं आपला संसार थाटला त्यास सिंथेसायझर म्हणतात. त्याचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. पेटींत हवेनें पत्ती कांपते, सतारींत तार कांपते. येथें कांपणारी अशी वस्तु वाद्यांत नसतेच. विजेचा दाब सेकंदास ठराविक वेळां कमी-अधिक होतो, आणि तो ध्वनिक्षेपकाच्या पडद्यास तितक्याच वेळां हालवितो. सेकंदास ४४० आंदोलनें झालीं, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंद ज्या स्वरावर आपलीं वाद्यें मिळवितात तो स्वर उमटतो. मग या स्वरास गाळणी लावून त्यांतील तीक्ष्ण अंश हवा तितका काढून टाकावयाचा, आणि तो झटकन् उमटावा कीं हळूहळू, लवकर विरावा कीं रेंगाळावा, हें खुंट्या फिरवून ठरवावयाचें. याच्याच जोडीला दुसरें एक उपकरण असतें. त्यास स्वरांची एक ओळ सांगून ठेविली, म्हणजे तें ती ओळ न थकतां, न चुकतां, पुनः पुनः म्हणत राहतें. तबल्याच्या एकल वादनाच्या वेळीं पेटीवर किंवा सारंगीवर जो लेहरा धरतात, तो ज्यांनीं ऐकला असेल त्यांस याचें मर्म निराळें सांगावयास नको. लेहरा बदलत नाहीं, म्हणूनच तबलजीस बदलतां येतें. क्राफ्टवेर्कनें हा न बदलणारा लेहराच संगीताच्या मध्यभागीं आणून बसविला.

१९७४ सालीं त्यांची ‘ऑटोबान’ नांवाची तबकडी निघाली. ऑटोबान म्हणजे जर्मनींतील मोटारींचा भव्य राजमार्ग. तबकडीची एक संपूर्ण बाजू, सुमारें बावीस मिनिटें, या एकाच गीतानें व्यापिली आहे. आरंभीं मोटारीचें दार मिटल्याचा व यंत्र सुरू झाल्याचा आवाज, आणि मग लांब प्रवासांत मनावर जी एक सुखद गुंगी चढते ती. हेंच गीत तीन-साडेतीन मिनिटांत कापून बसविल्यावर १९७५ सालीं अमेरिकेंत लोकप्रिय गीतांच्या यादींत पंचविसाव्या व ब्रिटनमध्यें अकराव्या स्थानीं जाऊन पोंचलें. जर्मन भाषेंतील गाण्यास परदेशीं असा मान क्वचित्‌च मिळाला असेल. याच सुमारास वोल्फगांग फ्ल्यूर व कार्ल बार्टोस हे दोघे तालवादक येऊन मिळाले, आणि चौकडी पूर्ण झाली. १९७७ सालीं युरोपांतील आगगाडीवर रचलेली ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’, १९७८ सालीं ‘मनुष्ययंत्र’ या अर्थाच्या नांवाची, आणि १९८१ सालीं ‘संगणकविश्व’ या अर्थाच्या नांवाची, अशा तबकड्या निघत गेल्या. या शेवटच्या तबकडींत निरनिराळ्या भाषांत नुसते आंकडे मोजण्याचें एक गीत आहे, आणि खिशांतल्या गणकयंत्रावर दुसरें. घरोघर संगणक येण्यापूर्वींची ही गोष्ट आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. रंगभूमीवर ही मंडळी हातपाय न हालवितां कारकुनासारखीं उभीं राहत. कधीं तर आपल्या जागीं आपल्याच चेहऱ्याचे पुतळे उभे करीत.

येथें आमचे कांहीं वडीलधारे वाचक म्हणतील, कीं यंत्रानें वाजविलेलें तें संगीतच नव्हे; त्यांत जीव कोठून येणार ? या आक्षेपाची आम्ही थट्टा करणार नाहीं. मींड, गमक आणि श्वास यांवर ज्या संगीताचा प्राण अवलंबून आहे, त्यांत वाढलेल्या कानास हा ठोका रुक्ष वाटल्यास नवल नाहीं. परंतु हाच आक्षेप आपल्याकडे पेटीवरहि घेतला गेला होता. तिच्यावर मींड निघत नाहीं, तिचे स्वर आमच्या श्रुतींशीं जुळत नाहींत, म्हणून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला दाराबाहेर काढलें, आणि पुढें तीस वर्षांहून अधिक काळ ती बाहेरच राहिली. इकडे मात्र कीर्तनांत, भजनांत व नाटकांत पेटीवांचून पान हालेना. वाद्याचा जीव वाद्यांत नसतो. त्यास कोणतें काम सांगितलें यांत असतो. सारंगीचें काम सिंथेसायझरला सांगणें ही चूक. आगगाडीच्या चाकांचा ठेका त्यास सांगणें ही सूज्ञता. क्राफ्टवेर्कला ही सूज्ञता होती.

आतां वारशाच्या वादाकडे वळूं. या प्रश्नावर आमच्या साहित्यशास्त्रानें हजार-अकराशें वर्षांपूर्वीं जितका बारीक विचार करून ठेविला आहे, तितका आम्हांस अन्यत्र आढळला नाहीं. नवव्या शतकांत काश्मीरांत झालेल्या आनंदवर्धनाचार्यांनीं ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतांत एका कवीच्या अर्थाशीं दुसऱ्याच्या अर्थाचें जें साम्य दिसतें त्याचे तीन प्रकार केले आहेत. पहिलें, आरशांतील प्रतिबिंबासारखें साम्य. त्यास स्वतःचा प्राण नाहीं, म्हणून तें कवीनें टाकावें. दुसरें, चित्रासारखें, त्यास देह आहे, पण तो क्षुद्र, म्हणून तेंहि टाकावें. तिसरें, दोन सारख्या चेहऱ्याच्या जिवंत माणसांतील. चेहरा मिळाला तरी आत्मा निराळा, म्हणून तें टाकण्याचें कारण नाहीं. आचार्य हेंहि सांगतात, कीं बुद्धिमंतांचे विचार पुष्कळदां आपोआपच जुळतात. तेवढ्यावरून कोणास चोर म्हणूं नये. पुढें राजशेखरानें काव्यमीमांसेंत या विषयावर स्वतंत्र अध्यायच लिहिले. कवि आणि वाणी यांत चोरी न करणारा कोणी नाहीं, ज्यास ती लपवितां आली तो सुखानें नांदतो, असा मार्मिक टोलाहि त्यानें मारून ठेविला आहे. आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचें मतहि त्यानें आदरानें नोंदविलें आहे. दुसऱ्याचें उचलणारा मनाशीं कोणकोणतीं निमित्तें सांगतो, त्यांची यादीच या विदुषीनें दिली आहे: तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी, हें काव्य जाणणारे आतां उरले नाहींत, आणि याचा कर्ता दूर देशीं राहतो. हीं निमित्तें ध्यानांत ठेवून वाचकांनीं आमच्याबरोबर न्यूयॉर्कला यावें.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत त्या काळीं कृष्णवर्णीय तरुणांचे मेळावे भरत. दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, एकीचा ठेका दुसरींत मिसळून नाचणाऱ्यांस खिळवून ठेवणारा जो कलावंत, त्यास डी. जे. म्हणतात. आफ्रिका बंबाटा हा त्यांपैकीं एक. त्याच्या संग्रहांत ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ होती, आणि ती वाजली कीं ब्राँक्सची मुलें नाचत. १९८२ सालीं बंबाटा व त्याचे साथीदार यांनीं आर्थर बेकर या निर्मात्याच्या साहाय्यानें ‘प्लॅनेट रॉक’ हें गीत काढलें. त्यांतील मुख्य स्वरावली ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ची, आणि ठेक्याची कल्पना आंकडे मोजण्याच्या गीतावरून घेतलेली. तबकडी मात्र उचलली नव्हती. जॉन रोबी यानें ते स्वर आपल्या यंत्रावर नव्यानें वाजविले, आणि ठेका जपानच्या रोलंड कंपनीच्या ८०८ या तालयंत्रावर बसविला. त्या यंत्राचा खोल, पोटांत घुमणारा ठोका पुढें जगभर पसरला, त्याचें एक मोठें श्रेय या गीतास आहे. परंतु स्वरावली ज्यांची, त्यांचें नांव आरंभीं तबकडीवर नव्हतें. कर्ता दूर देशीं राहतो, हें अवंतिसुंदरीनें सांगितलेलें निमित्त येथें अक्षरशः लागू पडतें. पुढें ड्युसेलडॉर्फहून विचारणा झाली, आणि मोबदला द्यावा लागला.

आनंदवर्धनांच्या तराजूंत हें गीत कोणत्या पारड्यांत टाकावें ? स्वरावलीपुरतें तें चित्र आहे, हें नाकारतां येत नाहीं. परंतु त्याखालचा ठेका, त्यावरचें तालांत म्हटलेलें वक्तृत्व आणि नाचणाऱ्यांचा उत्साह यांनीं त्या चित्रांत प्राण भरला, हेंहि नाकारतां येत नाहीं. घेणाऱ्यानें मूळ वस्तु बिघडविली नाहीं, वाढविली. उणें राहिलें तें एवढेंच, कीं पदाच्या डोक्यावर ‘चाल’ ही ओळ छापावयाची राहून गेली.

न्यूयॉर्कहून पश्चिमेस डेट्रॉइट हें मोटारींच्या कारखान्यांचें शहर आहे. त्या काळीं तेथील कारखान्यांत यंत्रमानव येऊं लागले होते, आणि माणसें घरीं बसूं लागलीं होतीं. या शहराच्या रेडिओवर एक कृष्णवर्णीय निवेदक रात्रीच्या वेळीं क्राफ्टवेर्कच्या तबकड्या ऐकवीत असे. शहराजवळच्या बेलव्हिल गांवांत वाढलेल्या हुआन अॅटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉंडरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनीं तें संगीत ऐकलें. ज्या यंत्रांनीं आपल्या वडिलांच्या पिढीचें काम हिरावलें, त्याच यंत्रांच्या भाषेंत आपलें मनोगत सांगतां येईल, ही गोष्ट त्यांच्या ध्यानीं आली. अॅटकिन्स यानें एका साथीदारासह १९८३ सालीं ‘क्लिअर’ हें गीत काढलें. १९८७ सालीं मे याचें ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ निघालें. या संगीतास पुढें ‘टेक्नो’ हें नांव रूढ झालें. जॉर्ज क्लिंटन हा अमेरिकेंतील कृष्णवर्णीय संगीताचा एक स्वच्छंदी उस्ताद. तो आणि क्राफ्टवेर्क एका लिफ्टमध्यें अडकून पडले तर जें होईल, तें आमचें संगीत, अशा आशयाचे उद्गार मे यानें काढल्याचें प्रसिद्ध आहे. या तरुणानें संस्कृत वाचलें नसेल, परंतु ‘चाल’ची ओळ त्यानें उघडपणें लिहिली. हेंच तें तिसरें साम्य: चेहरा जर्मन वीजघराचा, आत्मा डेट्रॉइटचा.

१९८९ सालीं बर्लिनची भिंत कोसळली. १९९१ सालीं त्या शहरांत एका जुन्या मोडक्या विक्रीभवनाच्या तळघरांतील तिजोरीच्या खोलींत ‘ट्रेझर’ नांवाचें नृत्यगृह उघडलें, आणि तेथें डेट्रॉइटचे कलावंत येऊन वाजवूं लागले. फाळणी संपलेल्या शहराच्या पूर्व-पश्चिम भागांतील मुलें या ठेक्यावर प्रथमच एकत्र नाचलीं. जर्मनीहून निघालेला ठेका अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या घरीं वाढून असा स्वदेशीं परत आला. २०२४ सालीं बर्लिनच्या टेक्नो-संस्कृतीस जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु आज जगांतील लक्षावधि तरुण टेक्नो म्हणजे गोऱ्या युरोपियनांचें संगीत असें समजून नाचतात, आणि डेट्रॉइटच्या त्या तिघांचें नांव त्यांतील थोड्यांस ठाऊक असतें. मोबदल्याची वसुली न्यायालयांतून तरी होते. विसरलेल्या नांवाची वसुली कोठून व्हावी?

न्यायालयाचें नांव निघालेंच आहे, तर तीहि कथा सांगतों. ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ या तबकडींत ‘धातूवर धातु’ या अर्थाच्या नांवाचा एक तुकडा आहे. घणावर घण पडावेत तसा त्याचा नाद आहे. १९९७ सालीं जर्मनींतीलच निर्माता मोझेस पेलहॅम यानें सबरीना सेटलुर या गायिकेच्या गीतांत त्यांतील सुमारें दोन सेकंदांचा ध्वनि तबकडीवरून जसाच्या तसा उचलून, आवर्तनासारखा गीतभर फिरवला. ह्यूटर व श्नायडर यांनीं दावा लावला. दोन सेकंदांसाठीं चाललेला हा खटला वीस वर्षांतहि संपला नाहीं. ज्यास तो तुकडा स्वतः वाजवून घेतां येण्याजोगा होता, त्यास आयता उचलण्याची मुभा नाहीं, असें जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयानें म्हटलें. २०१६ सालीं तेथील घटना-न्यायालयानें निकाल फिरवून कलेच्या स्वातंत्र्याचीहि बाजू तोलली पाहिजे असें सांगितलें. २०१९ च्या जुलैंत युरोपीय न्यायालयानें ठरविलें, कीं अगदीं लहानसा तुकडा घेण्यासहि मूळ तबकडीच्या निर्मात्याची संमति लागते. मात्र तो कानास ओळखूं येणार नाहीं इतका बदलला असेल तर गोष्ट निराळी. त्यानंतरहि, कायद्यांत २०२१ सालीं झालेल्या बदलावरून, वाद चालूच राहिला. २०२० च्या एप्रिलांत श्नायडर निवर्तला. त्यानें लावलेला दावा त्याच्या मागें जिवंत राहिला.

यांत आम्ही कोणाची बाजू घ्यावी ? प्रतिबिंब म्हणतात तें हेंच, यांत शंका नाहीं. दुसऱ्याच्या हातचा प्रत्यक्ष नादच येथें उचलला आहे. गणित सोडवितां येत असून शेजाऱ्याची पाटी पाहणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं शाळेंत जें सांगितलें असतें, तेंच येथें सांगावें लागेल. परंतु दुसऱ्या बाजूसहि एक शब्द बोलला पाहिजे. क्राफ्टवेर्कच्या घरांतील सर्वच भांडीं स्वतःचीं नव्हतीं. कोलोनची प्रयोगशाळा आम्हीं वर सांगितलीच. मोटार, आगगाडी व कारखाना यांचे नाद हे कोणा एकाचे नव्हते. बार्टोस यानें स्वतःच सांगितलें आहे, कीं आम्ही सर्व अमेरिकन संगीताचे, जेम्स ब्राउनसारख्या कृष्णवर्णीय गायकांच्या ठेक्याचे चाहते होतों. म्हणजे ब्राँक्स आणि डेट्रॉइट यांनीं जें घेतलें, त्यांत त्यांच्याच पूर्वजांची थोडी ठेव होती. कलेच्या व्यवहारांत केवळ सावकार असा कोणी नसतो. प्रत्येकजण एका वहींत धनको आणि दुसऱ्या वहींत ऋणको असतो. म्हणूनच वह्या स्वच्छ ठेवाव्या लागतात.

आणि ज्या संवादाविषयीं आचार्यांनीं सांगून ठेविलें, त्याचें एक उदाहरण आपल्या मुंबईंतच घडलें आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे एक वादक. १९८२ सालीं त्यांनीं रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें घेऊन, त्यांत तें ८०८ तालयंत्रहि होतें, भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस वगैरे दहा राग त्या काळीं लोकप्रिय असलेल्या डिस्कोच्या ठेक्यावर बसविले, आणि त्यांची तबकडी काढली. ती फारशी खपली नाहीं. पुढें १९८७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं त्यांतल्याच एका यंत्राच्या पिळवटलेल्या आवाजावर ‘अॅसिड हाउस’ नांवाचा नृत्यसंगीताचा नवा प्रकार सुरू झाला. २०१० सालीं मुंबईची ती तबकडी पुनः प्रसिद्ध झाली, तेव्हां शिकागोच्या पांच वर्षें आधीं हें येथें कोणीं केलें, म्हणून युरोपांतील रसिक चकित झाले. ना मुंबईनें शिकागोचें घेतलें, ना शिकागोनें मुंबईचें; यंत्र एक, ठेका एक, आणि बुद्धि दोन. वृद्धापकाळीं सिंग यांस युरोपांत वाजविण्याचा मान मिळाला. २०१५ सालीं ते वारले. भैरवींतील मींडेला त्या यंत्राची स्वर घसरविण्याची युक्ति कशी जुळते, हें ज्यांस यंत्रांत जीव नाहीं असें वाटतें त्यांनीं एकदां अवश्य ऐकावें.

क्राफ्टवेर्कच्या मूळ चौकडींतील एकटा ह्यूटर मागें राहून त्यानें तें नांव पुढें चालविलें. २०१२ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें त्यांस आठ रात्री आठ तबकड्या वाजविण्यास पाचारण केलें, आणि २०२१ सालीं अमेरिकेंतील रॉक अँड रोल कीर्तिमंदिरांत त्यांचा आद्य प्रभावकार म्हणून गौरव झाला. हा मान त्यांस स्वतःच्या तबकड्यांच्या खपामुळें मिळाला नाहीं. त्यांच्याहून अधिक खपलेले पुष्कळ आहेत. त्यांचें घेऊन इतरांनीं जें केलें, आणि घेतल्याचें मोकळ्या मनानें सांगितलें, त्यामुळें तो मिळाला.

आमच्या वाचकांच्या घरांतून आज अनेक मुलें-मुली संगणकापुढें बसून गाणीं रचतात. वडील मंडळींनीं त्यांस ‘हें काय वाजवितां ?’ असें दरडावून विचारण्याऐवजीं ‘ही चाल कोणाची ?’ असें एकदां जवळ बसून विचारावें. मूल उत्तर शोधूं लागलें, कीं डेट्रॉइट, ब्राँक्स, ड्युसेलडॉर्फ, कोलोन अशीं गांवें एकामागून एक त्याच्यापुढें उभीं राहतील, आणि आपण हवेंतून पडलों नाहीं, आपल्यामागें माणसें उभीं आहेत, हें त्यास कळेल. घेण्याचा संकोच त्यानें करूं नये. घेतल्यावांचून कोणतीच विद्या पुढें जात नाहीं. मात्र आपलें गाणें लोकांपुढें मांडतांना त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत कां होईना, ती एक ओळ लिहावी. शाईचा खर्च फारसा नाहीं.